पाच चाळीसला ती येते

साडेपाच वाजले की जिन्याच्या तळाशी चपलांचा ढीग पडू लागे. पायऱ्यापायऱ्यांवर माणसं, दारात माणसं, आणि आत दहा बाय बाराच्या खोलीत तर मुंगीला शिरायला जागा नाही. खोलीत एक शिलाई मशीन, तिच्यावर शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा, भिंतीशी एक टेबल आणि टेबलावर एक कॉम्प्युटर. सगळ्यांच्या नजरा त्या कॉम्प्युटरवर खिळलेल्या. कुणी खोकलं तरी शेजारचा डोळे वटारत होता.

पाच चाळीस झाले. कुणी हात लावला नाही, कुणी बटण दाबलं नाही, तरी काळ्या कॅबिनेटमधले पंखे गरगरले आणि काचेच्या बाजूतून निळा उजेड पडला. मग आतून आवाज येऊ लागला. टक. टक. टक. दोन बायकांनी रुमाल डोळ्यांना लावले. पडदा चार मिनिटं काळाच राहिला, मग उजळला, आणि स्पीकरमधून एका तरुण मुलीचा आवाज आला. दारात चपला काढता काढता म्हणावं तसा.

"आले गं!"

शिलाई मशीनपाशी बसलेली तिची आई अर्धवट उठली. "ये. हातपाय धू आधी," ती म्हणाली.

ती मुलगी जाऊन अडीच महिने झाले होते. चोविसाव्या वर्षी, चार दिवसांच्या तापात.

गर्दीतून हुंदका फुटला. दारात एका धिप्पाड गृहस्थाच्या काखेखालून मुलीचा मामा हे बघत उभा होता. त्याचं गावाच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. भाची गेल्यापासून तो हा जिना चढला नव्हता. रोज उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणायचा आणि दुकानात कुणाचं तरी मशीन उघडून बसायचा. शेवटी एका गिऱ्हाइकाने त्यालाच सांगितलं, "अहो, तुमच्या धंद्यातली गंमत ऐकलीत का? एका घरी मेलेली मुलगी कॉम्प्युटरमधून बोलते." घर कुठलं हे ऐकल्यावर त्याने दुकानाचं शटर ओढलं.

त्या खोलीत सगळ्यांत जास्त रडायचा हक्क आईनंतर त्याचाच होता. भाचीच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर त्यानेच दिला होता, ती अकरा वर्षांची असताना. पुढे पोरीने मामाला मागे टाकलं. पगारातून पैसे राखून आज रॅम वाढव, पुढच्या दिवाळखोरीत मदरबोर्ड बदल (दिवाळीच्या खर्चाला तिचा शब्द), पंखे नवे बसव, असं करत करत जुन्या खोक्याचं तिने हे देखणं मशीन केलं. मशीनच्या आतलंही काही तिने जसंच्या तसं राहू दिलं नाही. "तो टिंग-टिंग आवाज काय, कुणाच्याही घरी येतो," म्हणाली, आणि सिस्टीमचे सगळे आवाज काढून तिथे स्वतःचे भरले. चालू होताना "आले गं", बंद होताना "येते हं". काही चुकलं तर "अरे देवा!" मामाला तिने ते ऐकवले होते तेव्हा दोघंही पोट धरून हसले होते.

आता ते ऐकून लोक हात जोडत होते. पण मामाचं लक्ष आवाजाकडे नव्हतं, त्या टकटकीकडे होतं. तीस वर्षं हा आवाज ऐकल्यावर त्याने गिऱ्हाइकांना एकच वाक्य सांगितलं होतं: मशीन लगेच बंद करा. हार्ड डिस्कमधली सुई जेव्हा आपली जागा शोधत राहते आणि ती तिला सापडत नाही, तेव्हा ती अशी आपटते. म्हणजे डिस्क शेवटच्या घटका मोजतेय.

सिस्टीम नव्या डिस्कवर होती, तिला धक्का नव्हता. टकटक जुनीची होती, जिच्यावर मुलीने लहानपणापासूनचं सगळं साठवलं होतं. ती जुनी डिस्क मामानेच तिला दिली होती. एका मोडीत निघालेल्या मशीनमधून काढलेली. "चालेल गं अजून पाच वर्षं. पुढच्या महिन्यात दुसरीवर नक्कल काढून ठेवू," असं तो म्हणाला होता. तो पुढचा महिना काही उगवला नाही.

तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि लहरीबाबा आले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात वीज तपासायचं छोटं मीटर, मांडीवर ठेवायला एक कापडी पिशवी. उजवा हात कायम त्या पिशवीत. आत काय आहे असं कुणी विचारलंच तर म्हणत, "शांती."

"भक्तहो," लहरीबाबा खुर्चीत स्थिरावले, "माणूस म्हणजे काय? लहर. मोबाइल म्हणजे काय? लहर. मग माणूस मोबाइलमध्ये का येऊ नये? शास्त्रज्ञांना हे आता आता कळतंय. ते मला फोन करतात. मी उचलत नाही."

"का बाबा?" कुणीतरी भाबडेपणाने विचारलं.

"लहरी बिघडतात. आता ऐका ही टकटक. हे पोरीचं काळीज आहे. रोज जोर वाढतोय की नाही?"

"वाढतोय!" गर्दी म्हणाली. ते मात्र खरंच होतं.

"आणि आधी अर्ध्या मिनिटात यायची, आता चार मिनिटं लागतात. का? पलीकडून यायचं, रस्ता लांबत चाललाय. म्हणून सांगतो, झाकण उघडायचं नाही. धूळसुद्धा पुसायची नाही. झाकण उघडलं की ती गेली."

पडद्यावर एक कोरं पान उघडलेलं होतं. प्रश्न बाबांनी विचारायचा आणि उत्तर त्या पानावर उमटायचं. पुढच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ बसले होते, निवृत्त टपालवाले. त्यांची बायको वर्षापूर्वी गेली होती. त्यांनी घसा खाकरला. "माझी मंडळी भेटते का म्हणावं तिला?"

बाबांनी डोळे मिटले. पिशवीतला हात किंचित हलला. पानावर अक्षरं आली: *हो. बऱ्या आहेत.*

टपालवाल्या काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

त्याच क्षणी डिस्क जोरात आपटली, पडद्यावर लाल खूण आली आणि मुलीचा आवाज घुमला, "अरे देवा!"

"पाहिलंत?" बाबा गहिवरले. "तिकडेसुद्धा देवाचं नाव सुटलेलं नाही!"

मामाने ओठ चावला. डिस्कवरची एक फाइल वाचता येत नाही एवढाच त्याचा अर्थ होता. म्हणजे आत्ता, या सगळ्यांच्या देखत, आणखी काहीतरी कायमचं गेलं होतं.

सात वाजता "येते हं" झालं आणि गर्दी पांगली. बहीण लोकांच्या पायांच्या मातीने भरलेली फरशी झाडत होती. भाऊ दिसला तरी तिचा हात थांबला नाही.

"आलास? बरं झालं. वाट चुकलास वाटतं."

"ताई, चुकलंच माझं. मला या खोलीत यायचं धाडस होत नव्हतं."

"मला होतं? मी इथेच राहते."

तो म्हणाला, "ताई, ऐक माझं. तो आवाज काळजाचा नाही. डिस्क मरतेय. तिचे फोटो, तिने केलेले व्हिडिओ, सगळं तिच्यावर आहे. मला आज ती काढून नेऊ दे."

"झाकण उघडायचं नाही."

"तुझ्या शिलाई मशीनमधून असा आवाज आला तर तू काय करशील?"

"थांबवीन," ती पटकन म्हणाली. "सुई मोडेल नाहीतर."

"मग?"

"ती मशीन आहे रे. ही माझी मुलगी आहे."

दोघं तिथेच खाली बसली आणि बराच वेळ रडली. त्याने आणखी समजावलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तू खरा असशीलही. पण मग संध्याकाळी मी कुणाची वाट बघू?"

जिना उतरताना तळमजल्यावरच्या शेजारीणबाईंनी त्याला गाठलं. लहरीबाबांना या घरात आणण्याचा मान त्यांचा, तेव्हा पहिल्या दिवसाची हकीकत सांगताना त्यांच्या अंगावर शहारे येत होते. "काय सांगू भाऊ! बाबा म्हणाले, मागच्या बाजूला लहरींचं माप घेतो. मीटर घेऊन वाकले, मागे हात घातला, आणि पोरगी बोलली की हो, 'कोण आलं?' स्पष्ट! बाबासुद्धा टुणकन उडाले. डोकं आपटलं त्यांचं टेबलाला."

मामाने कठडा घट्ट धरला. "तुम्ही नक्की ऐकलंत? 'कोण आलं'?"

"या कानांनी."

हा आवाजही त्याने ऐकलेला होता. मशीनला मागून कुणी काही नवीन जोडलं, पेनड्राइव्ह म्हणा, माउस म्हणा, की ते "कोण आलं?" विचारायचं. मरून गेलेल्या पोरीने चोर घरात शिरताना सगळ्यांसमोर हटकलं होतं, आणि लोकांनी चोरालाच नमस्कार केला होता.

दुसऱ्या दिवशी तो पाचलाच येऊन टेबलाला खेटून बसला. पाच चाळीसला मशीन जागं झालं. पडदा उजळायला आता सहा मिनिटं लागली. "आले गं" झालं, बाबांनी पिशवी मांडीवर घेतली, तसा मामा उठला.

"बाबा, एक शंका आहे. मागची एक वस्तू बघू का?"

"हात लावू नका!" बाबांचा आवाज चढला. "झाकण उघडलं तर मी जबाबदार नाही."

"झाकणाला हात नाही लावत. तुम्ही ज्या बाजूने माप घेतलंत ना, तिथेच फक्त बोटं घालतो." आणि त्याने कॅबिनेटच्या मागे हात घालून काहीतरी ओढलं.

"गेलं एकदाचं!" मुलीचा आवाज खणखणीत आला.

मामाच्या चिमटीत नखाएवढा काळा तुकडा होता.

"हा बिनतारी कीबोर्डचा रिसीव्हर. याची जोडी कुठे आहे ते बाबा सांगतील. बाबा, आता विचारा तुमचा प्रश्न."

"लहरी तुटल्या!" बाबा म्हणाले. "या माणसाने तुमची मुलगी घालवली!"

"बघा हं," मामा म्हणाला, आणि त्याने तुकडा पुन्हा मागे खोचला. "कोण आलं?" त्याने काढला. "गेलं एकदाचं!" खोचला. "कोण आलं?" काढला. "गेलं एकदाचं!" तोच सूर, तोच श्वास, तेच शेवटी दाबलेलं हसू. तिसऱ्या खेपेला मागे उभं असलेलं कुणीतरी फिसकन हसलं. मामाला चेव चढला होता. त्याने चौथ्यांदा तुकडा खोचला.

"पुरे," त्याची बहीण म्हणाली.

त्याने वळून पाहिलं. प्रत्येक खेपेला तिची मुलगी थोडी थोडी यंत्र होत गेली होती, आणि ती ते बसून बघत होती. खरं दाखवायला एकदा पुरलं असतं. उरलेल्या तीन वेळा आपण बाबांशी भांडत होतो आणि मार ताईला बसत होता, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

धिप्पाड गृहस्थांनी मधल्या वेळात पिशवी हिसकावली होती. शांती बाहेर आली. टीव्हीच्या रिमोटएवढी होती, तिला बटणं होती आणि बाबांच्या अंगठ्याने त्यांच्यावरची अक्षरं पुसट झाली होती. "माध्यम लागतं! कुठल्याही शक्तीला माध्यम लागतं!" असं म्हणत बाबा दाराकडे सरकले आणि जिन्याच्या तळाच्या ढिगातून हाताला लागतील त्या चपला घालून पसार झाले.

माणसं माना खाली घालून निघाली. टपालवाले काका मात्र मामासमोर येऊन उभे राहिले. "वर्षभराने काल मला झोप लागली होती," ते म्हणाले. "काय मिळालं तुम्हाला?"

खोलीत दोघंच उरल्यावर बहिणीने विचारलं, "ते लबाडीचं कळलं मला. पण पाच चाळीसला ते आपोआप चालू होतं ते? ते त्याने नव्हतं केलं. तो यायच्या आधीपासून होतंय."

"नाही, ते त्याने नाही केलं." मामाने मशीनच्या मुळातल्या सेटिंगचं पान उघडून दाखवलं. "आत एक छोटं घड्याळ असतं, गोळीएवढ्या बॅटरीवर चालतं. त्यात वेळ लावून ठेवता येते. ती सहाला घरी पोचायची ना? तोवर मशीन आपलं आपण तयार असावं म्हणून तिने लावली होती. ती गेल्यावर भिंतीवरचं बटण बंद होतं. महिन्याने कुणीतरी ते चालू केलं असेल."

"मीच. इस्त्रीसाठी." ती त्या आकड्यांकडे बघत राहिली. "म्हणजे वेळ तिनेच लावलेली."

"हो ताई. तिनेच. जिवंत असताना."

मग ती म्हणाली, "काढ ती डिस्क."

झाकण उघडलं. आत तिने वायरी किती नीट बांधल्या होत्या. मामाने डिस्क सोडवली, टॉवेलात गुंडाळली, आणि दोघं तशीच दुकानात गेली. टेबलावर डिस्क जोडण्याआधी तो थांबला. "ताई, ही किती वेळ चालेल सांगता येत नाही. दोन मिनिटं, दोन तास. आधी काय काढू? लहानपणचे फोटो की तिचे व्हिडिओ?"

व्हिडिओ म्हणजे ती मशीन उघडून कुठला भाग कसा बदलायचा ते समजावून सांगायची, त्याचे. एक्केचाळीस होते.

"असं कसं विचारतोस रे?" ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "ती बोलते ते."

डिस्क फिरली. टकटक सुरू झाली. पहिला व्हिडिओ यायला अकरा मिनिटं लागली. दुसरा, तिसरा. बहीण पडद्यावरच्या हिरव्या पट्टीकडे बघत बसली होती आणि पट्टी थांबली की तिचा श्वासही थांबत होता. नऊ आले. दहावा अर्ध्यावर असताना डिस्कने एकदा खरखर केली आणि ती फिरायची थांबली. मामाने तिला थंड केलं, पुन्हा जोडली, वायर बदलली, त्याला येत होतं ते सगळं केलं. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचं त्याने ठरवलं, आणि पाठवलीही. तिथून पंधरा दिवसांनी डिस्क परत आली, आतल्या तबकड्या खरवडल्या गेल्यात, आता काही निघणार नाही, अशा चिठ्ठीसह.

ती चिठ्ठी वाचून बहिणीने सरळ विचारलं, "ज्या दिवशी पहिल्यांदा टकटक ऐकली, त्याच दिवशी तुला बोलावलं असतं तर?"

खोटं बोलायचा त्याला फार मोह झाला. काही उपयोग झाला नसता, एवढं म्हटलं की ती सुटली असती. पण खोट्याने एकदा या घराचं काय केलं ते दोघांनीही पाहिलं होतं.

"सगळं निघालं असतं, ताई. फोटोसुद्धा."

ती भिंतीला टेकली.

"आणि मी त्याच आठवड्यात आलो असतो तरी निघालं असतं," तो म्हणाला. "आणि तिला ती मोडीतली डिस्क दिली नसती तर प्रश्नच आला नसता. तुझ्या एकटीवर नको घेऊस."

लहरीबाबांनी त्या घरातून काय नेलं, असं लोक पुढे विचारत. फळं नेली, फुलं नेली, चार नवे भक्त नेले, असं सांगून हसत. खरं काय गेलं ते या दोघांना ठाऊक होतं. गेले ते सहा आठवडे. रोज सव्वा तास ती मरणारी डिस्क लोकांसाठी फिरत राहिली आणि रोज आपटून आपटून त्या मुलीचं बालपण स्वतःवरून खरवडत राहिली, आणि समोर बसलेली माणसं त्याला चमत्कार म्हणून हात जोडत राहिली. प्रश्न विचारणं पाप आहे असं सांगणारा माणूस बहुतेक वेळा वेळ मागत असतो, आणि तो वेळ आपला असतो.

"ती पाच चाळीसची वेळ ठेवू का?" मामाने एकदा विचारलं.

"काढून टाक," बहीण म्हणाली. "मी अजून उठते रे दार उघडायला."

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी दुपारच्या वेळी ती दुकानात आली. एकटी नव्हती. टपालवाल्या काकांना कोपराला धरून आणलं होतं. काकांच्या हातात रुमालात गुंडाळलेला एक जुना मोबाइल होता, त्यांच्या बायकोचा. पाठीमागचं झाकण बॅटरी फुगून वर आलं होतं. दिवसरात्र चार्जिंगला लावून ठेवा, बंद पडू देऊ नका, ती त्यात आहे, असं काकू गेल्या तेव्हाच बाबांनी त्यांना बजावलं होतं, आणि ते वर्षभर तसं करत होते. काकूंचे बोललेले निरोप त्यात होते. येताना कोथिंबीर आणा, किल्ली विसरू नका, असले.

काकांनी मामाकडे पाहिलं नाही. त्याच्या बहिणीकडे पाहून म्हणाले, "उघडला, आणि ती गेली तर?"

"त्या गेल्यात, काका," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "माझीही गेली. ती गेलीय हे मी दीड महिना ऐकून घेतलं नाही, म्हणून जे उरलं होतं तेही गेलं. तुमचं अजून आहे. माझ्या भावावर राग असेल तर राहू द्या, पण कुणीही काही सांगितलं की एवढं विचारा, कशावरून? दाखव. आपल्या माणसासाठी तरी विचारा. आधी याची नक्कल काढून घेऊ. मग आपण दोघं इथेच बसून हवं तेवढं रडू."

काकांनी रुमाल सोडला आणि फोन काउंटरवर ठेवला.